यूट्यूबवरून बॅकहँड शिकताय? आधी कॅमेरा कुठे ठेवलाय ते बघा

टेबल टेनिसचा बॅकहँड व्हिडिओ बघून शिकता येतो का, तर बऱ्यापैकी येतो असं माझं मत आहे, पण व्हिडिओ निवडताना लोक नको त्या गोष्टी बघत बसतात. कोच किती मोठा प्लेअर होता, चॅनलला सबस्क्रायबर किती, थंबनेलवर 'एका आठवड्यात बॅकहँड' लिहिलंय का वगैरे वगैरे. मी हल्ली एकच बघतो, कॅमेरा कुठे उभा केलाय. खरं सांगतो, या एका गोष्टीवरून अर्धे व्हिडिओ पहिल्या वीस सेकंदात बंद करता येतात.

कारण साधं आहे. फोरहँड शरीराच्या बाजूला लागतो, त्यामुळे कुठूनही शूट करा, काही ना काही दिसतंच. बॅकहँड लागतो पोटासमोर. मागून शूट केलं की आपल्याला दिसते कोचची पाठ आणि टीशर्टवरची स्पॉन्सरची नावं, बॅट बाहेर येईपर्यंत बॉल कधीच गेलेला असतो. समोरून शूट केलं तर बॅटचं रबर छान दिसतं, पण बॉल पोटापासून किती पुढे मारला हे काही केल्या कळत नाही आणि बॅकहँडमध्ये नेमकं तेच महत्त्वाचं. उजव्या हाताने खेळणारा असेल तर कॅमेरा त्याच्या डाव्या बाजूला हवा, टेबलच्या कडेच्या रेषेत, म्हणजे बॉल, बॅट, मनगट आणि पोट यांच्यातलं अंतर सगळं एका फ्रेममध्ये दिसतं. उजव्या बाजूने घेतलं तर कोपर आणि दंड मध्ये येतात आणि बॅट त्यामागे लपते.

आणि सगळ्यात भारी म्हणजे वरून घेतलेला शॉट. फार कमी चॅनल ही मेहनत घेतात पण ज्यांनी घेतलीये त्यांचा व्हिडिओ सेव्ह करून ठेवा. कोपर बिजागरीसारखं जवळजवळ जागेवर, आणि त्याच्याभोवती पुढचा हात उघडतोय, हे वरून एकदा बघितलं की मग 'रिलॅक्स द आर्म, रोटेट अराउंड द एल्बो' असली दहा मिनिटांची बडबड ऐकायची गरजच राहत नाही. कोपर अगदी गोठलेलं नसतं बरं का, थोडं पुढे सरकतं, पण खांद्यातून अख्खा हात फेकायचा नसतो हे त्या एका शॉटमध्ये समजतं.

आता चॅनलांबद्दल. अगदी सुरुवातीला असाल तर पिंगस्किल्स बघा, ऑस्ट्रेलियातल्या आलोइस रोझारियो आणि जेफ प्लम्ब या दोघांचं आहे, जुनं आहे, दिसायला काही झगमगीत नाही. पण एक जण बोलतो आणि दुसरा खेळतो ही पद्धत मला आवडते, कारण जो कोच स्वतः खेळता खेळता बोलतो तो बोलण्यासाठी सारखा थांबतो आणि स्ट्रोक तुकड्यातुकड्यात दिसतो. शिवाय व्हिडिओ लहान असतात, बघून लगेच उठून शॅडो प्रॅक्टिस, म्हणजे बॉलशिवाय नुसती बॅट फिरवण्याचा सराव, करता येते. इंग्लंडच्या टॉम लोडझियाकचा भर क्लबमध्ये खेळणाऱ्या मोठ्या माणसांवर आहे, ज्यांना नोकरी आहे, ज्यांचे गुडघे विशीतले राहिले नाहीत, आणि तसल्या माणसाला चीनच्या फान झेनडोंगसारखा खाली बसून लूप (बॉलला खालून वर घासत भरपूर स्पिन देणारा फटका) मारायला सांगण्यात अर्थ नाही हे त्याला कळतं. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. चायनीज भाषेतले कोचिंग व्हिडिओपण मी आवाज बंद करून बघतो, एक अक्षर कळत नाही पण लहान मुलांना बॉल देणारे ते कोच जे हाताने पकडून दाखवतात, कोपर इथे, मनगट इथे, ते शब्दांशिवाय पोचतं.

स्लो मोशनबद्दल एक घोळ आहे तो सांगतो. यूट्यूबवर स्पीड ०.२५ केला की आपल्याला वाटतं आता सगळं दिसणार. तसं नसतं. व्हिडिओ मुळात सेकंदाला ३० फ्रेमने शूट केलेला असेल तर दोन फ्रेममध्ये सुमारे ३३ मिलिसेकंद जातात आणि बॉल रबरवर टेकतो साधारण एक मिलिसेकंद. म्हणजे स्पीड कितीही कमी करा, मनगट नक्की कुठे उघडलं तो क्षण फ्रेममध्ये आलेलाच नसतो, एका फ्रेममध्ये बॅट पोटाशी आणि पुढच्यात डोळ्यांसमोर, मधे नुसता धुरकट पट्टा. त्यामुळे ज्याने खरोखर १२० किंवा २४० फ्रेमने शूट केलंय असाच व्हिडिओ स्लो बघण्यात अर्थ आहे. कॉम्प्युटरवर बघत असाल तर व्हिडिओ पॉज करून कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं आणि स्वल्पविरामाचं बटण दाबा, एकेक फ्रेम पुढे मागे जाते. या दोन बटणांचा मला कितीतरी कोचांच्या भाषणापेक्षा जास्त उपयोग झालाय.

माझी मोठी तक्रार मल्टिबॉलवर. जवळपास सगळे व्हिडिओ असेच असतात, समोर एक जण टोपलीतून बॉल काढून त्याच जागी, त्याच वेगाने, त्याच स्पिनने देतोय आणि कोच ठाक ठाक ठाक मारतोय. दिसायला सुंदर, बघणाऱ्याला वाटतं आपणपण मारू. पण मॅचमध्ये बॅकहँड बिघडतो तो बॅट फिरवताना फार कमी वेळा, बिघडतो त्याच्या आधी. बॉल फोरहँडला येणार की बॅकहँडला हे ठरत नाही, कोपराच्या आसपास, म्हणजे बरोबर अंगावर येतो आणि हात दोन्हीकडे अडकतो. किंवा एक मारून बॅट खाली लोंबकळत राहते आणि पुढचा बॉल आलेला असतो. स्ट्रोक झाल्यावर बॅट परत पोटासमोर कशी आणायची, पाय अर्धं पाऊल कुठे सरकवायचे, हे दाखवणारा व्हिडिओ सापडला तर तो दहा 'परफेक्ट बॅकहँड' व्हिडिओंच्या वर ठेवा. टीप म्हणून सांगतो, व्हिडिओ लावल्यावर बॅटकडे न बघता एकदा फक्त पायांकडे बघा. पाय फ्रेममध्येच नसतील तर बंद करा, कमरेच्या वरचा बॅकहँड शिकून काय करणार.

स्ट्रोकप्रमाणे बघायचं तर साधा ड्राइव्ह किंवा काउंटर व्हिडिओवरून चांगला शिकता येतो. पाय खांद्यापेक्षा जरा जास्त फाकवून, गुडघे वाकलेले, वजन पुढे, बॅट पोटासमोर थोडी बंद (म्हणजे रबर जरा खाली झुकलेलं), बॉल टप्पा पडून वर येताना किंवा टोकाला असताना मारायचा, आणि ग्रिप बॉल लागेपर्यंत ढिली. यातलं ग्रिप सोडून सगळं डोळ्यांना दिसतं. ग्रिप किती ढिली हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नाही, ते कोणीतरी तुमच्या हातातून बॅट ओढून बघितल्याशिवाय कळत नाही.

चॉप, म्हणजे खालून कापून उलटा स्पिन (बॅकस्पिन) देऊन, आलेल्या बॉलवरचा बॅकहँड लूप मात्र व्हिडिओत अर्धाच शिकवला जातो. गुडघ्यात वाका, बॅट मांड्यांच्या मधे खाली न्या, ड्राइव्हपेक्षा बॅट जरा उघडी, बॉलला घासत वर जा, इथपर्यंत ठीक. पण बॅट किती उघडी हे समोरच्याने किती जड चॉप केलाय त्यावर ठरतं आणि व्हिडिओत तो चॉप जड आहे की हलका हे आपल्याला कसं कळणार, कोच म्हणतो 'हेवी बॅकस्पिन' आणि आपण मान डोलवायची. चांगला कोच इथे एक गोष्ट करतो, तोच स्ट्रोक रिकाम्या (जवळजवळ स्पिन नसलेल्या) चॉपवर आणि जड चॉपवर शेजारी शेजारी दाखवतो, आणि बॉल नेटमध्ये गेलेलासुद्धा कापत नाही. नेट १५.२५ सेंटीमीटर उंच आहे, बॉल त्याच्या किती वरून गेला आणि किती लांब पडला एवढं बघूनपण स्पिनचा अंदाज येतो, पण त्यासाठी बॉल कुठे पडला हे फ्रेममध्ये पाहिजे ना! निम्म्या व्हिडिओत कॅमेरा कोचच्या हातावर आणि बॉल गायब.

पुशवर, म्हणजे बॅकस्पिनचा बॉल हलकेच ढकलून बॅकस्पिननेच परत देण्यावर, कोणी व्हिडिओच नीट बनवत नाही, कारण पुशला व्ह्यूज मिळत नाहीत. व्ह्यूज मिळतात बनाना फ्लिकला. काही जण त्याला चिकिता म्हणतात, झेकच्या पेत्र कॉर्बेलचं नाव त्याच्याशी जोडतात आणि चीनच्या झांग जिकेने तो इतका गाजवला की २०१२ चं ऑलिंपिक गोल्ड जिंकल्यावर सगळ्या जगातली पोरं टेबलावर आडवी होऊन मनगट वळवायला लागली. कोपर वर, बॅटचं टोक आपल्याच पोटाकडे, आणि तिथून बॉलच्या बाजूने घासत बाहेर. दिसायला जबरदस्त. पण ज्याचा साधा ड्राइव्ह अजून दहातले चार बाहेर जातो त्याने हे व्हिडिओ करमणूक म्हणून बघावेत, मनगटाला उगाच त्रास.

आता मॅचचे हायलाइट्स. 'बेस्ट बॅकहँड्स' वगैरे कंपायलेशन बघून शिकतो म्हणणारे खूप भेटतात. मॅचचा मुख्य कॅमेरा एका प्लेअरच्या मागे उंचावर असतो, म्हणजे जवळच्याचा बॅकहँड त्याच्याच पाठीआड. लांबच्या प्लेअरकडे बघा. तो आपल्याकडे तोंड करून असल्यामुळे डावं उजवं उलट दिसतं, आणि यात एक गंमत आहे, तुम्ही उजव्या हाताने खेळत असाल तर समोरून जर्मनीच्या तिमो बोलसारखा डावखुरा प्लेअर बघा, तो आरशातल्यासारखा दिसतो आणि कॉपी करायला एकदम सोपा जातो. डावखुऱ्यांनी याच्या उलट, समोरून उजव्या हाताचा प्लेअर बघायचा. सोपं आहे पण हे सांगताना मी कुठल्या कोचला ऐकलेलं नाही.

कोणाचा बॅकहँड बघताय हेसुद्धा तपासा, फुकट गोंधळ होतो. मनिका बत्राचा बॅकहँड बघून तसंच करायला गेलात तर जमणार नाही, तिच्या त्या बाजूला लाँग पिंपल, म्हणजे लांब दाण्यांचं, रबर आहे, बॉल वेगळाच वागतो, तुमच्या साध्या रबरवर तीच हालचाल केली की बॉल भलतीकडे. चीनचा वांग हाओ पेनहोल्ड, म्हणजे पेन धरल्यासारखी बॅट, पकडून बॅटच्या मागच्या बाजूने मारायचा, शेकहँडवाल्याने (हात मिळवल्यासारखी बॅट धरणाऱ्याने) त्याचं मनगट बघून उपयोग नाही. आणि तारीख बघा. २००८ नंतर स्पीड ग्लू (रबराला जास्त वेग आणि स्पिन देणारा गोंद) बंद झाला, २०१४ पासून सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिकचा बॉल आला, त्याला स्पिन कमी लागतो. त्यामुळे जुन्या व्हिडिओत 'नुसतं पातळ घासा' असं सांगतात ते आज तसंच्या तसं चालत नाही, आता जरा बॉलमध्ये घुसून मारायला लागतं. स्टान्स, कोपर, टायमिंग यासाठी जुने व्हिडिओ अजूनही मस्त आहेत, कॅमेरा धुरकट असला तरी.

पैसे भरून घेतलेल्या एका ऑनलाइन कोर्सबद्दल एवढंच, नाव घेत नाही. धडे भरपूर, ग्राफिक्स चकाचक, आणि बॅकहँडचे सगळे धडे समोरून शूट केलेले. तुमचा व्हिडिओ पाठवा, आम्ही सुधारणा सांगू असं आश्वासन होतं, उत्तर आलं ते 'ग्रेट जॉब, कीप द एल्बो फॉरवर्ड', जे कोणालाही पाठवता येईल असं. पैसे खर्च करायचेच असतील तर व्हिडिओवर रेघा मारून, फ्रेम थांबवून कोणी फीडबॅक देणार आहे का हे आधी विचारा, नमुना मागा, नाही दिला तर सोडून द्या.

व्हिडिओ बघण्याइतकंच स्वतःला शूट करणं महत्त्वाचं आहे हे सगळेच सांगतात, पण कसं ते सांगत नाहीत. टेबल ७६ सेंटीमीटर उंच असतं, फोन त्याच्यापेक्षा थोडा वर, तुमच्या बॅकहँडच्या बाजूला, कडेच्या रेषेत ठेवा, स्लो मोशन चालू करा आणि फ्रेममध्ये पाय आणि नेट दोन्ही येऊ द्या. मग कोचचा तोच अँगल शेजारी लावून फक्त एक फ्रेम बघा, बॉल लागतानाची. बॉल पोटाच्या किती पुढे आहे. बाकी मनगट, फॉलोथ्रू, चेहऱ्यावरचे हावभाव नंतर. बहुतेकांचा बॉल पोटाला चिकटून लागत असतो आणि ते मनगटाचे व्हिडिओ बघत बसलेले असतात.

एकूण पाचपैकी मी ड्राइव्हच्या व्हिडिओंना चार देईन, लूपला अडीच, फ्लिकला करमणुकीचे पाच आणि शिकण्याचा एक. पुशला काही देता येत नाही कारण बघण्यासारखं सापडलंच नाही, वरून शूट केलेला, पायांसकट, हलक्या आणि जड चॉपवरचा नुसत्या बॅकहँड पुशचा व्हिडिओ कोणाला मिळाला असेल तर प्लीज सांगा, भाषा कुठलीही चालेल.