किंमत ठरवणारा आणि गाडी घेणारा एकाच बाजूचे होते

वडिलांची १९७२ सालची शेव्हरोले सी-१० पिकअप मी मागच्या वर्षी विकली आणि तिच्या योग्य किमतीचा जेमतेम तिसरा हिस्सा माझ्या हाती आला. अशी जुनी गाडी ज्यांच्याकडे उभी आहे आणि ती ठेवावी की विकावी याचा निर्णय ज्यांचा होत नाही, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

वडील गेल्यानंतर गाडी चार वर्षे शेडमध्येच होती. टाकीतले पेट्रोल खराब झाले होते, ब्रेकचे सिलिंडर अडकले होते आणि तिच्याकडे पाहिले की आपण तिची हेळसांड करतो आहोत असे वाटून मन खात असे. तरीही विकायचे मी ठरवले नव्हते. जुजबी ओळखीतले एक गृहस्थ ती पाहायला आले, त्यांनी कौतुक केले, पण आकडा काही सांगितला नाही. "आधी एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या, म्हणजे तुमच्याही मनात शंका राहणार नाही," असे ते म्हणाले आणि त्या जाणकाराचा नंबरही त्यांनीच दिला. तपासणीची फी मी भरली, त्यामुळे तो माणूस माझ्या बाजूने बोलेल असे मी गृहीत धरले.

त्याने तासभर गाडी तपासली. इंजिन ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या, मागच्या कडेवरचा ३९७००१० हा ओतीव आकडा त्याने मला टॉर्च धरून दाखवला आणि हा ब्लॉक पुढे कितीतरी वर्षे कितीतरी गाड्यांत वापरला गेला, म्हणजे इंजिन नंतर बदललेले असणार, असे सांगितले. यातला पहिला भाग खरा आहे, म्हणूनच मी फसलो. त्या आकड्यावरून इंजिन मूळचे आहे हे सिद्ध होत नाही, तसेच ते बदललेले आहे हेही सिद्ध होत नाही. त्यासाठी ब्लॉकवरची ओतकामाची तारीख पाहावी लागते, जिच्यात महिन्याला इंग्रजी अक्षर असते, जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी, आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. शिवाय उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्या सपाट पट्टीवर ठोकलेली अक्षरे आणि आकडे चासी क्रमांकाशी ताडून पाहावे लागतात. ती पट्टी तेलाच्या थराखाली होती. त्याने ती पुसलीसुद्धा नाही आणि पुसायला हवी हे मला ठाऊक नव्हते.

ओडोमीटर पाच आकडी असल्यामुळे तो एकदा तरी फिरून पुन्हा शून्यावर आला असणार, असे त्याने धरले. वडिलांनी जपून ठेवलेल्या सर्व्हिसच्या वहीत याच्या विरुद्ध सांगणाऱ्या नोंदी होत्या, पण ती त्याने उघडली नाही. बॉनेटवरचा रंग उडाला होता, म्हणून संपूर्ण रंगकामाचा खर्च त्याने किमतीतून वजा केला. वास्तविक कारखान्यातला मूळ रंग झिजलेला असला तरी संग्राहक त्याला मान देतात, कारण एकदा गाडी रंगवली की तो परत मिळत नाही. तुलनेसाठी त्याने ज्या गाड्यांच्या किमती दाखवल्या, त्या सगळ्या आठ फुटी हौद्याच्या होत्या. माझ्या गाडीचा हौदा साडेसहा फुटी होता आणि या पिढीच्या पिकअपमध्ये आखूड हौद्याला मागणी बरीच जास्त असते. मी मोजपट्टी लावली असती तरी एवढे कळले असते.

अहवाल आला त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला. अहवालातल्या आकड्यापेक्षा थोडे जास्तच देतो, पण दोन दिवसांत उत्तर हवे, कारण दुसरी एक गाडी पाहून ठेवली आहे, असे ते म्हणाले. त्या थोड्या जास्तीच्या पैशांमुळे मला ते सज्जन वाटले. भाऊ महिनाभर थांबायला सांगत होता. मी त्याचे ऐकले नाही.

सात आठवड्यांनी तीच गाडी विक्रीच्या जाहिरातीत दिसली. मूळ इंजिन, मूळ रंग, आखूड हौदा अशी वर्णनाची सुरुवात होती. ती पट्टी आता स्वच्छ पुसलेली होती आणि तिचा जवळून घेतलेला फोटो होता. ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या आतला कागदही होता, ज्यावर कारखान्यातून निघताना गाडीत बसवलेल्या खास भागांची यादी आणि चासी क्रमांक छापलेला असतो. हा कागद त्या जाणकाराने माझ्यासमोर वाचला होता आणि काही न बोलता झाकण लावले होते. नंतर चौकशी केली तेव्हा कळले की तो आणि गाडी घेणारे गृहस्थ अनेक वर्षे एकत्रच व्यवहार करतात. जाहिरातीतली किंमत ही मागितलेली किंमत असते, तिच्यावर विसंबू नये, हे मला आता समजते; पण ती प्रत्यक्ष कितीला गेली हेही मी शोधले आणि पहिल्या परिच्छेदातला हिशेब त्यावरूनच मांडला आहे.

वकिलांना मी अहवाल दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेन्सिलीने काही शब्दांखाली रेघा ओढल्या. इंजिन बदललेले असण्याची शक्यता आहे, ओडोमीटर फिरलेला असू शकतो, रंगकाम करणे इष्ट ठरेल. खोटे ठरवता येईल असे एकही विधान त्यात नव्हते, आणि खाली, गाडी आहे त्या स्थितीत मी स्वखुशीने विकत आहे, या ओळीपाशी माझी सही होती.