ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या विहिरीसाठी: काळी पडणारी बाटली की लॅबचं कल्चर?

आमच्या वाड्यामागच्या विहिरीवर पाच बिऱ्हाडांचं पाणी चालतं. तिघरा धरणाचं नळाचं पाणी एक दिवसाआड झालं की पाच बिऱ्हाडांची बारा होतात. शेजारच्या वाड्यातही तशीच विहीर आहे. परवा तिथल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दोन्ही तपासण्या करून बसलात, आम्ही कोणती करू?" दोन्ही म्हणजे घरीच लावायची एचटूएसची बाटली, जी जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूने काळी पडते, आणि लॅबचं कल्चर, म्हणजे पाण्यातले जंतू वाढवून तपासणं. पाणी उकळून प्या, हे त्यांना सांगायला नको. त्यांना धास्ती आहे ती अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जंतूंची, आणि ती त्यांच्या डोक्यात मीच घातली आहे.

माझ्या डोक्यात ती आत्यामुळे आली. लघवीचं इन्फेक्शन, गोळ्यांचे दोन कोर्स वाया, आणि मग कल्चरमध्ये निघाला ईएसबीएलवाला ई-कोलाय, म्हणजे सेफिक्झाइमसारखी अँटिबायोटिकं तोडून टाकणारं एन्झाइम बनवणारा आतड्यातला जंतू. विहिरीवर आळ घेता येत नाही, पुरावा नाही. पण असे जंतू माणसाच्या आतड्यात महिनोन्महिने गुपचूप राहतात आणि गटार फुटलं की शेजारच्या विहिरीत उतरतात. दिल्लीत तपासलेल्या नळांच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्याकडेच्या साचल्या-पाझरल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत एनडीएम-१ हा जंतूंना बहुतेक अँटिबायोटिकांपासून वाचवणारा जीन सापडल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. तेव्हापासून मी रहाट ओढताना आत डोकावतो.

खऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त लॅब देते, हे आधीच कबूल करतो. तिथे ई-कोलाय वेगळा काढतात, बशीत पसरतात, वर औषधांच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती मोकळं रिंगण पडलं नाही तर ते औषध त्या जंतूपुढे निकामी. बाटलीला हे सात जन्मात जमणार नाही.

पण नमुना पोचवायचा कसा? निर्जंतुक बाटली, भोवती बर्फ, आणि शक्यतो सहा तासांच्या आत. मेमध्ये आइस्क्रीमचा थर्माकोलचा डबा स्कूटरवर पायांत धरून गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, गुरुवार के बाद सैंपल नहीं लेते, प्लेट संडे को पढ़नी पड़ेगी." त्याचंही बरोबरच होतं. पण विहीर गढूळ होते ती पावसानंतर, आणि पाऊस वार बघून पडत नाही. सोमवारी पुन्हा गेलो, तर अकराची वेळ टळली होती. तिसऱ्या खेपेला नमुना घेतला आणि रिपोर्ट आला सहाव्या दिवशी: ई-कोलाय आहे, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफोटॅक्झिम या दोन्ही अँटिबायोटिकांना दाद देत नाही. ते सहा दिवस बारा बिऱ्हाडं तेच पाणी भरत होती. मग केलं काय? ब्लीचिंग. रिपोर्ट साधा आला असता तरी तेच केलं असतं, कारण गोळीला दाद न देणारा जंतूही क्लोरीनपुढे साध्या जंतूसारखाच मरतो. माझं मन तिथेच बाटलीकडे फिरलं.

एचटूएसची बाटली तर आपल्या ग्वाल्हेरचीच. इथल्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८२ मध्ये जगापुढे मांडली. खुणेपर्यंत पाणी भरा, झाकण लावा, ठेवून द्या. एक-दोन दिवसांत काळं पडलं तर पाण्यात मैल्याची संगत आहे असं धरायचं. उघडली की सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणून आमच्याकडे ती स्वयंपाकघरात ठेवायला बंदी आहे.

तिच्या खोड्या आहेतच. ई-कोलाय स्वतः सहसा हा वायू सोडत नाही, त्याचे सोबती सोडतात. म्हणजे चोर त्याच्या टोळीवरून ओळखायचा. खोल बोअरच्या पाण्याला मुळातच गंधकाचा वास असेल तर ती उगाच काळी पडते. आणि आपली थंडी! जानेवारीत फळीवर ठेवलेली बाटली दोन दिवस पिवळीच राहिली. त्याच पाण्याची दुसरी टीव्हीच्या गरम सेटटॉप बॉक्सवर ठेवली, ती सकाळी काळी.

सगळ्यांनाच हे पटेल असं नाही. घरात केमोथेरपीचा रुग्ण किंवा तान्हं मूल असेल तर पावसाळ्यात एकदा लॅब करावी, असं मलाही वाटतं. एरवी मी दर पंधरा दिवसांनी बाटली लावतो. काळी पडली की हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि तासभर कुणी बादली टाकायची नाही.

वहिनींना सहा बाटल्या देऊन आलोय. काळी पडलेली बाटली ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका, एवढं दोनदा सांगितलं. त्यांच्याकडे सेटटॉप बॉक्स नाही, त्या इन्व्हर्टरवर ठेवणार आहेत.