ऑर्डरच्या ख्रिस्ती चित्रांत खरा सोन्याचा वर्ख: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी ख्रिस्ती विषयांवरची चित्रं ऑर्डरप्रमाणे करून देतो. येशूचं पवित्र हृदय, मरिया आणि बाळ येशू, शेवटचं भोजन, एखाद्या संताचं एकट्याचं चित्र, असं काम असतं. बहुतेक तैलरंगात, कॅनव्हासवर. अधूनमधून लाकडी फळीवर. तेजोवलयासाठी इतके दिवस यलो ऑकरवर पांढरा-पिवळा चढवून काम भागवायचो. गेले काही महिने मात्र प्रत्येक ऑर्डरीत कुठे ना कुठे खरा वर्ख लावला. तेवीस कॅरेटचा, दोन्ही प्रकारचा: सुटा आणि ट्रान्स्फर. आता मत द्यायला हरकत नाही.

वस्तू नवीन असणाऱ्यांसाठी थोडं. वर्खाची पुस्तिका येते, त्यात 25 पानं, प्रत्येक पान साधारण 80 मिलिमीटर चौरस. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे पान उजेडासमोर धरलं तर आरपार हिरवट दिसतं. सुटा वर्ख दोन कागदांमध्ये नुसता ठेवलेला असतो. ट्रान्स्फर वर्ख पातळ कागदावर दाबून बसवलेला असतो, त्यामुळे तो कागदासकट उचलता येतो, कात्रीने कापता येतो. सुट्याला बोट लावलं की संपलं, तो बोटाचाच होतो. तो उचलायला खारीच्या केसांचा रुंद, चपटा ब्रश लागतो, त्याला टिप म्हणतात. टिप आधी गालावरून फिरवायची. त्वचेचा जो किंचित तेलकटपणा केसांना लागतो, त्यावर पान उचललं जातं. पंखा बंद, खिडकी बंद, आणि शक्यतो श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.

आता खरी परीक्षा. ती वर्खाची नाही, त्याखालच्या चिकट थराची आहे. कॅनव्हासवर मी तेलाचा साईझ वापरतो. तो तीन तासांचा मिळतो, बारा तासांचा मिळतो. हे तास म्हणजे चिकटपणा योग्य अवस्थेला यायला लागणारा वेळ, असं बाटली म्हणते. हवेत दमटपणा असला की बाटलीचं कोणी ऐकत नाही. म्हणून घड्याळापेक्षा बोटाच्या सांध्यावर भरवसा ठेवावा: सांधा हलकेच टेकवून उचलला की ‘चिक्’ असा बारीक आवाज यायला हवा आणि सांध्याला काही लागलेलं नसावं. आवाजाच्या आधी वर्ख टेकवला तर तो साईझमध्ये बुडतो आणि सोनं मळकट, मेलेलं दिसतं. उशीर झाला तर जागोजागी धरतच नाही. दोन्ही साईझ वापरून पाहिल्यावर माझं झुकतं माप बारा तासांच्या बाजूने आहे. रात्री लावावा, सकाळी वर्ख चढवावा. चकाकी स्पष्टपणे जास्त येते आणि काम करायला मिळणारा अवधीही लांब असतो. तीन तासांचा मी फक्त दुरुस्तीला ठेवलाय.

साईझ जाड झाला की सुरकुत्या पडतात, आणि कॅनव्हासवर तो जाड होतोच, कारण विणीच्या खळग्यांत साचतो. त्यामुळे वलयाच्या जागी जेसोचे (रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचे) जादा थर देऊन, पॉलिश पेपरने घासून, वर लालसर मातीच्या रंगाचा एक हात देतो. लाल कशाला, तर पानांच्या जोडात केसाएवढी फट राहिली तरी तिथून ऊब दिसते, पांढरा जेसो नाही. जुन्या फळ्यांवर सोनं झिजलं की खालून जी लाल माती डोकावते, ती हीच. आजूबाजूचा तैलरंग वरवर सुकलेला वाटला तरी वर्ख त्याला चिकटतो. मरियेच्या निळ्या ओढणीवर सोन्याचे ठिपके उडाले की ते काढताना जीव जातो. म्हणून वर्खाआधी भोवतालच्या रंगावर टाल्कम पावडर भुरभुरवून ती मऊ ब्रशने झटकून टाकतो.

एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. आरशासारखी झिलई जी आपण जुन्या वेदीचित्रांत पाहतो, ती तेलाच्या साईझवर कधीच येत नाही. ती पाण्याच्या पद्धतीची करामत. खडू किंवा जिप्सम आणि सरसाचा जाड थर, त्यावर बोल नावाची बारीक लाल माती, ती ओली करून त्यावर सुटा वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घोटाई. त्याला ताठ फळी हवी. ताणलेलं कॅनव्हास हलतं आणि हा थर तडकतो. संताच्या एका छोट्या चित्रासाठी मी फळीवर ही पद्धत केली. घोटायला सुरुवात केली तेव्हा आधी काहीच वाटेना, सोनं नुसतं पिवळं होतं. मग दगडाखालून एक गडद पट्टा उमटला. काळाच वाटला, डाग पडला की काय असं. मान तिरकी केली आणि त्याच पट्ट्यात खिडकी दिसली. घोटलेलं सोनं उजेड सांडत नाही, एका दिशेला फेकतं. समोरून काळं, कडेने लख्ख. त्यावर बारीक ठसे मारले की प्रत्येक खळगा वेगवेगळ्या कोनातून चमकतो, म्हणून जुने चित्रकार वलयांवर ठशांची नक्षी करत असत.

आणि इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. वर्ख लावायचा की नाही हे गिऱ्हाइकाच्या खिशावर ठरवू नये, चित्रातल्या उजेडावर ठरवावं. ज्या चित्रात उजेड एका ठिकाणाहून येतो, चेहऱ्याची एक बाजू सावलीत जाते, तिथे वर्खाचं सपाट वर्तुळ भांडायला उठतं. खोलीतला दिवा त्यावर पडतो आणि चित्रातला उजेड खोटा ठरतो. हा वाद आजचा नाही. इटालियन लेखक-वास्तुकार अल्बेर्तीने 1435 साली चित्रकारांना हेच सांगितलं, की सोनं सोन्याने दाखवू नका, रंगाने दाखवा, कसब त्यात आहे. लिओनार्दोच्या शेवटच्या भोजनात एकाच्याही डोक्यामागे वलय नाही. येशूच्या मागची खिडकी ते काम करते. येशूने अटकेआधी गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेच्या, रात्रीच्या चित्राची ऑर्डर माझ्याकडे होती आणि गिऱ्हाइकाला ‘भरपूर सोनं’ हवं होतं. भरीव वर्तुळाऐवजी एक बारीक रेघ, तीही अर्धी अंधारात विरलेली, एवढ्यावर समजूत काढली. चित्र वाचलं. याउलट सपाट पार्श्वभूमीचं, समोर पाहणाऱ्या संताचं चित्र असेल, किंवा बायझँटाइन (जुन्या पूर्वेकडच्या ख्रिस्ती) धाटणीचं काही असेल, तर वर्खाला पर्याय नाही. तिथे सोनं म्हणजेच उजेड, दुसरा स्रोत नसतोच.

स्वस्त पर्यायांबद्दल. नकली वर्ख हा तांबं आणि जस्ताचा असतो. पानं मोठी, जाड, हाताळायला सोपी. सराव करायचा तर हाच घ्यावा. पण तो काळपट-हिरवट पडतो. वरून शेलॅक (लाखेचा लेप) किंवा व्हार्निशचा थर दिलाच पाहिजे, आणि तो थर चकाकी खातो. एका कोपऱ्यात मुद्दाम थर न देता सोडलेला माझा नमुना आता तपकिरी झालाय. त्याच फळीवरचा तेवीस कॅरेटचा तुकडा जसाच्या तसा. ट्यूबमधल्या ‘गोल्ड’ रंगात सोनं नसतं, बहुधा अभ्रकाचा चुरा असतो. काठावरच्या अक्षरांना, झग्याच्या किनारीला तो चांगला. वलयाला लावला की शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या नेपथ्यासारखं दिसतं.

गिऱ्हाइकांशी बोलताना वर्खाने माझी डोकेदुखी वाढवली आणि कमीही केली. वाढवली ती फोटोंमुळे. पूर्ण चित्राचा फोटो पाठवला की वलय कधी चॉकलेटी दिसतं, कधी पांढरं फटक, आणि लगेच ‘रंग बदलला का?’ असा फोन. आता फोटो पाठवतच नाही. चालत चालत घेतलेला छोटा व्हिडिओ पाठवतो. त्यात सोनं पेटताना आणि विझताना दिसतं आणि शंका मिटते.

डोकेदुखी कमी झाली ती लेखी करारामुळे. कुठला वर्ख, किती कॅरेट, कुठे कुठे, हे आता आधीच लिहून घेतो. यात काही आधुनिक शहाणपणा नाही. चित्रकार गिर्लांदायोने फ्लॉरेन्सच्या अनाथालयासाठी बाळ येशूला वंदन करणाऱ्या ज्ञानी लोकांचं चित्र करायला घेतलं, त्याच्या 1485 च्या करारात निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिनच्या (फ्लॉरेन्सच्या सोन्याच्या नाण्यांच्या) दर्जाचा हवा असं नमूद आहे. एकूण मोबदला 115 फ्लोरिन. फ्रा आंजेलिको या साधू-चित्रकाराच्या 1433 च्या करारात तर सोनं, निळा आणि चांदी उत्तमातली उत्तम वापरावी असं लिहून वर 190 फ्लोरिन, किंवा त्याच्या विवेकाला पटेल तितके कमी, असं म्हटलंय. ही शेवटची ओळ माझ्या गिऱ्हाइकांना मी दाखवत नाही.

करारात जागा लिहिण्याचा आणखी एक फायदा म्हणजे नको तिथे सोनं मागितलं तर बोलता येतं. दैवी दयेच्या चित्राची ऑर्डर होती. येशूच्या छातीतून निघणारे दोन किरण सोन्याचे करा, असा आग्रह. आता त्या चित्रात किरणांचे रंगच विषय आहेत: लाल म्हणजे रक्त, फिकट म्हणजे पाणी. पोलंडच्या संत फाउस्तिना या जोगिणीच्या सांगण्यावरून चित्रकार काझिमिरोव्स्कीने 1934 मध्ये पहिलं चित्र केलं तेव्हापासून हे ठरलेलं. दोन्ही सोनेरी केले तर भक्त कशाकडे पाहणार? तिथे वर्ख फक्त अक्षरांना लावला. शेवटच्या भोजनातही असंच. येशू आणि बारा शिष्य मिळून तेरा जण, पण बारा वलयं हिशेबात धरा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाला वलय नाही, तेवढीच एका वलयाची बचत.

महिन्यांनंतरची स्थिती सांगतो. वर्ख कुठेही काळवंडलेला नाही, वर व्हार्निश नसूनही. चित्राला अंतिम व्हार्निश देताना मी वर्खाची जागा झाकून घेतो. नुकसान झालं ते फक्त घासण्याने. एका घरी चित्र हाताच्या उंचीवर लावलं होतं आणि येता-जाता घरातले वलयाला बोट लावून नमस्कार करत. तेवढ्या जागेवर लाल माती दिसू लागली. त्यांना ते आवडलंय, दुरुस्ती नको म्हणाले. हाताला लागेल अशा जागी चित्र टांगणार असतील तर त्या चित्राला मात्र शेलॅकचा पातळ थर देऊन टाकतो, चकाकी थोडी गेली तरी चालेल. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढायची, ओल्या फडक्याने अजिबात नाही. हे चित्राच्या पाठीमागे कागद चिकटवून लिहून देतो, कारण तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. पाठवताना वर्खावर ग्लासिन (गुळगुळीत, न चिकटणारा) कागद, आणि त्यावर बबल रॅप; बबल थेट सोन्यावर ठेवला तर गोल गोल ठसे उठतात.

कोणी घ्यावा? सपाट, समोरासमोरची, प्रार्थनेसाठीची चित्रं करणाऱ्याने बिनधास्त घ्यावा. छायाप्रकाशावर चालणारं काम असेल तर एक पुस्तिका घेऊन रेघांपुरता वापरून पाहावा. सुरुवात ट्रान्स्फरनेच करावी. माझ्याकडचा ट्रान्स्फर संपत आलाय आणि पुन्हा मागवलाय. सुट्या वर्खाची अर्धी पुस्तिका उरली आहे, ती फळीवरच्या पुढच्या ऑर्डरीपर्यंत पुरेल.