लँग्वेज एक्सचेंज अ‍ॅप्स : जपानी बोलायचा सराव करायला दीड वर्ष वापरली, त्याबद्दल सविस्तर

जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, तिच्या एन थ्री लेव्हलचा रिझल्ट आला त्या दिवशी घरी पेढे वाटले, आणि त्याच आठवड्यात ऑफिसच्या कॉलवर क्लायंटकडच्या एका बाईंनी मला अगदी साधं विचारलं, पुण्यात सध्या थंडी आहे का. प्रश्न कळला, उत्तराचे सगळे शब्द येत होते, पण तोंडातून 'हाइ'च्या, म्हणजे होच्या, पुढे काही निघेचना. फार लागलं ते मनाला. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की यात नवल काहीच नाहीये, कारण जेएलपीटीला बोलायची परीक्षाच नसते. एन थ्रीला १८० पैकी ९५ मार्क लागतात, तिन्ही सेक्शनला किमान १९ हवेत, आणि सगळं पर्याय निवडून गोल काळे करायचं काम. पुण्यात जुलै आणि डिसेंबर दोन्ही वेळेला सेंटर असतं, क्लासेस पण भरपूर आहेत, वाचणारे लिहिणारे खूप तयार होतात, पण क्लासच्या बाहेर जपानी बोलायला माणूस आणायचा कुठून?

म्हणून ही अ‍ॅप्स. चार-पाच टाकून बघितली, त्यातली हॅलोटॉक आणि टँडम ही दोन अजून फोनमध्ये आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आपण आपली भाषा सांगायची, कुठली शिकतोय ते सांगायचं, मग अ‍ॅप उलट जोडीची माणसं दाखवतं, म्हणजे ज्यांना आपली भाषा हवी आहे आणि ज्यांची भाषा आपल्याला हवी आहे. चॅट, व्हॉइस मेसेज, कॉल सगळं आतच होतं, नंबर द्यावा लागत नाही. हॅलोटॉक २०१२ पासून आहे, टँडम बर्लिनच्या लोकांनी काढलेलं. टँडम म्हणजे दोघांनी मिळून पॅडल मारायची सायकल, आणि या नावातच खरी गोष्ट आहे जी मला तीन महिने कळली नव्हती.

ते तीन महिने असे गेले. आपल्याकडचे बहुतेक जण करतात तेच मी केलं, शिकवायची भाषा म्हणून इंग्लिश टाकली. मग मी इंग्लिश शिकू बघणाऱ्या जपानी लोकांना मेसेज करायचे, आणि त्यांच्याकडे आधीच अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या लोकांची रांग. उत्तर आलंच तर 'हाजिमेमाश्ते' म्हणजे पहिल्या भेटीचा नमस्कार, मग हवामान, मग जेवणात काय, मग 'निहोंगो ज्योउझु देसु ने' म्हणजे तुमचं जपानी छान आहे हं, की झालं, माणूस गायब. असे पंचवीस-तीस तरी संवाद झाले असतील, प्रत्येक वेळी तीच ओळख करून द्यायची, त्यामुळे ओळखीची चार वाक्यं अस्खलित झाली आणि पाचवं वाक्य जिथे होतं तिथेच राहिलं.

मग एके दिवशी भाषा बदलून हिंदी टाकली. जपानमध्ये हिंदी शिकणारे कोण असणार असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलेलं, पण ओसाका युनिव्हर्सिटी आणि तोक्योची फॉरेन स्टडीज युनिव्हर्सिटी या दोन्हीकडे हिंदी रीतसर शिकवतात, आणि त्या मुलामुलींना बोलायला हिंदीवाला माणूस मिळत नाही, म्हणजे आपली जी अडचण तीच त्यांची. दोन दिवसात एका ओसाकाच्या विद्यार्थिनीचा मेसेज आला, सव्वा पानी, देवनागरीत, मात्रा वेलांट्या सगळ्या जागच्या जागी. मी तिला पहिल्यांदाच सांगून टाकलं की माझी मातृभाषा मराठी आहे, हिंदी मी लहानपणापासून बोलते पण लिंगाच्या चुका माझ्याही होतात. तिला चाललं. तेव्हापासून ती माझी एकमेव नियमित पार्टनर आहे आणि माझं जपानी जे सुधारलंय ते तिच्यामुळे.

दर रविवारी दुपारी साडेअकराला आमचा कॉल असतो, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे तीन वाजलेले. अर्धा तास फक्त जपानी, अर्धा तास फक्त हिंदी, मोबाईलवर टायमर लावून. हे टायमरचं कृपया मनावर घ्या. तो नसला की ज्याची भाषा पक्की त्याच भाषेत सगळं सरकत जातं, आणि एकाला फुकट शिकवणी मिळते, दुसरा दोन आठवड्यात कंटाळतो.

पहिला कॉल मात्र विचित्र झाला. ती बोलत होती, मी मन लावून ऐकत होते, एकदम गप्प राहून, आपल्याकडे मोठं माणूस बोलताना राहतो तशी. ती दर दोन वाक्यांनी थांबायची आणि विचारायची, 'मोशिमोशि, किकोएमासु का?' म्हणजे आवाज येतोय ना. मला वाटलं नेट खराब आहे, वायफाय बंद करून डेटा चालू केला, तरी तेच. शेवटी तिनेच हिंदीत लिहून समजावलं, की जपानीत समोरच्याने मधे मधे 'उन', 'हाइ', 'सोउ देसु ने', 'हेएए' असं म्हणत राहायचं असतं, त्याला आइझुचि म्हणतात, ते नसलं की बोलणाऱ्याला वाटतं समोर कोणी नाहीच. मला एकदम आजी आठवली. गोष्ट सांगताना ती आम्हाला हं म्हणायला लावायची, हुंकार नाही दिला की गोष्ट बंद. तेच की हे! त्या दिवसापासून मी हं च्या जागी उन घालते आणि कॉल कसा सुरळीत चालतो. क्लासमध्ये आइझुचि हा शब्द मी वहीत लिहिलेला होता, अर्थासकट, पण ती कधी, किती, कुठल्या श्वासाला द्यायची हे माणसाशी बोलल्याशिवाय येणं शक्य नाही.

दुसरी गोष्ट करेक्शनची. हॅलोटॉकमध्ये समोरच्याने आपल्या वाक्यावर बोट दाबून धरलं की त्याला ते दुरुस्त करता येतं, चुकीचं वर आणि बरोबर खाली दिसतं, आणि ही सोय मला अख्ख्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त आवडते. मी रोज तीन-चार ओळींची डायरी लिहायचे. एकदा लिहिलं 'युमे गा ओचिमाशिता', मनात मराठी, स्वप्न पडलं. तिने दुरुस्त करून पाठवलं 'युमे ओ मिमाशिता', स्वप्न बघितलं, आणि खाली विचारलं, की स्वप्न कुठून खाली पडलं? मग मी बसून यादी केली, मराठीत स्वप्न पडतं, पाऊस पडतो, थंडी पडते, प्रश्न पडतो, टाळं पडतं, आणि जपानीत या प्रत्येकाला निराळं क्रियापद, पाऊस तर 'फुरु'. ती यादी अजून माझ्या वहीत आहे. असं कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही, कारण ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नाहीयेत.

उलट काही ठिकाणी मराठीचा प्रचंड फायदा होतो. वाक्याची ठेवण सारखीच, क्रियापद शेवटी, आणि प्रत्यय नामाच्या मागे. मित्राला भेटले म्हणजे 'तोमोदाचि नि आइमाशिता', तिथला ला म्हणजे नि, जसाच्या तसा बसतो. वाक्याच्या शेवटचा आपला 'ना' आणि त्यांचा 'ने', हे तर बोलताना इतकं आपोआप येतं की काय सांगू. म्हणून माझं सांगणं आहे की इंग्लिशमधून विचार करून जपानी बोलू नका, मराठीतून थेट जा, लवकर जमतं.

अजून एक, 'आनाता' म्हणजे तू किंवा तुम्ही असं आपण पहिल्या धड्यात शिकतो आणि मी तिला सतत आनाता म्हणत होते. महिनाभराने तिने खूप संकोचून सांगितलं की असं तोंडावर म्हटलं तर जरा खटकतं, नाव घेऊन पुढे सान लावायचं, आपल्या जीसारखं. क्लायंटच्या त्या बाईंनाही मी मेलमध्ये आनाता लिहिलेलं आठवलं, दुसऱ्याच दिवशीपासून बदललं. आणि ती ओसाकाची असल्याने 'होन्तो' (खरंच) च्या ऐवजी 'होनमा', 'वाकारानाइ' (कळत नाही) च्या ऐवजी 'वाकाराहेन' असलं तिकडच्या बोलीतलं कानावर पडायला लागलं, परीक्षेत याचा उपयोग शून्य पण माझ्या क्लायंटचं ऑफिस ओसाकाजवळच्या कोबेला आहे, तिकडे हेच बोलतात.

आता देण्याच्या बाजूचं. ती मला विचारायची की 'मैंने खाया' तर मग 'मैंने लाया' का नाही, 'मैं लाया' का? मी कधी विचारच केला नव्हता. मराठीत त्याने खाल्लं, त्याने आणलं, दोन्हीला ने लागतो, म्हणून मी स्वतः वर्षानुवर्षं 'उसने लाया' म्हणत आलेय, आणि हिंदीत ते 'वह लाया' असतं. तिच्या प्रश्नांसाठी मला दर शनिवारी हिंदी व्याकरण उघडून बसावं लागतं. तासभर जातो, पण तयारी करून आलेला माणूस समोरच्यालाही टिकवून ठेवावासा वाटतो, आमचं दीड वर्ष टिकलं ते त्याच्यामुळे.

त्रासाचंही सांगायला हवं, विशेषतः मुलींना. एका अ‍ॅपवर, नाव घेत नाही, पहिल्या आठवड्यात मला जे मेसेज आले त्यातल्या अर्ध्याहून जास्त लोकांना भाषेशी काही घेणंदेणं नव्हतं, दुसऱ्याच मेसेजला फोटो पाठव, लाइन (जपानमधलं व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप) आयडी दे. रिपोर्ट केलं की तो माणूस दिसेनासा होतो आणि नवीन प्रोफाइल घेऊन परत येतो. सेटिंगमध्ये फक्त बायकांनाच मी दिसेन असं करता येत असेल तर पहिल्या मिनिटाला करा, स्वतःचा फोटो न लावता झाडाचा फुलाचा लावा, आणि प्रोफाइलमध्ये वेळ, लेव्हल आणि टायमरचा नियम स्पष्ट लिहा, त्याने टाइमपासवाले बरेच गळतात. त्याच अ‍ॅपचं मी तीन महिन्यांचं पेड सबस्क्रिप्शन घेतलं होतं, नंतर अ‍ॅप काढून टाकलं आणि विसरले, पुढच्या तिमाहीचे पैसे परत कापले गेले. अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं, मला माहीत नव्हतं. सपोर्टला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळेला तोच छापील मजकूर.

पैसे भरावेत का? माझ्या मते सुरुवातीला अजिबात नको. एक चांगला पार्टनर मिळेपर्यंत फुकटातलं पुरतं आणि मिळाल्यावर तर अजूनच पुरतं. देवाणघेवाणीला वेळच नसेल, म्हणजे समोरच्याला अर्धा तास देणं जमणारच नसेल, तर सरळ आयटॉकीसारख्या ठिकाणी पैसे देऊन ट्यूटर घ्या, ते जास्त प्रामाणिक आहे. मुलाखतीच्या आधी मी तिथे चार तास घेतले होते, केइगोसाठी म्हणजे आदरार्थी बोलीसाठी, आणि त्याचा खूप उपयोग झाला. अगदी नवीन असाल, काना म्हणजे जपानी अक्षरं पण पक्की नसतील, तर यातलं काहीच इतक्यात नको. एन फोरच्या, म्हणजे एन थ्रीच्या खालच्या लेव्हलच्या, आसपास आलात की सुरू करा.

पुण्यातल्या लोकांसाठी एक, जवळची माणसं शोधून बघा. मला अशीच एक जपानी काकू भेटली, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे राहते, तिला भाजीवाल्याशी बोलण्यापुरतं मराठी हवं होतं. आम्ही सिंहगड रोडच्या पुलं देशपांडे उद्यानात भेटायचो, ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली बाग आहे ती, दिवसाउजेडी, चार लोकांत, सेफ वाटतं. पाच-सहा वेळा भेटलो, मग त्यांची बदली झाली.

ओसाकाच्या मैत्रिणीशी मागच्या रविवारी कॉल चालू होता, जपानीचा अर्धा तास, तेवढ्यात आईने आतून हाक मारली, 'जेवायला ये गं'. तिने ते ऐकलं आणि विचारलं की हिंदीत हा गं नसतो, हा काय आहे? मग गं कोणाला म्हणायचं, रे कोणाला, बाबांना का नाही, आईला ए आई गं कसं चालतं, सासूबाईंना का चालत नाही, असं सांगता सांगता टायमर वाजला तो कोणाला ऐकूच आला नाही. वीस मिनिटं झाली होती, आणि ती सगळी वीस मिनिटं मी जपानीत बोलत होते.