फोंड्यातील संवाद-कार्यशाळा : ठामपणाचे धडे चांगले, वडीलधाऱ्यांचा धडा राहून गेला

फोंडा शहरातील एका समुपदेशन केंद्राने आषाढात ‘नात्यांमधील ठामपणा आणि जिव्हाळा’ या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. जोडप्यासाठी २४०० रुपये शुल्क होते, त्यात दोन्ही दिवसांचे जेवण आले. मी आणि माझे यजमान, दोघेही गेलो होतो. त्यांना विचारूनच हे लिहीत आहे.

आम्ही का गेलो, ते सांगितल्याशिवाय या कार्यशाळेचे मोल सांगता येणार नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कौटुंबिक कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि जमीन विकताना दोघांचीही संमती लागते. आमच्या मालकीचा एक लहानसा भूखंड विकायचा ठरला तेव्हा माझ्या एका नकाराने व्यवहार थांबला असता. तो विकू नये असे मला मनापासून वाटत होते. तरीही मी हसतमुखाने सही केली आणि त्यानंतर आठ महिने घरात तुटकपणे वागले. कायद्याने दिलेला अधिकार तोंडून निघाला नाही आणि न निघालेल्या शब्दाची शिक्षा मात्र यजमानांना, काही कारण न कळता, भोगावी लागली. म्हणजे त्या एका प्रसंगात मी ठामही राहिले नाही आणि प्रेमळही राहिले नाही.

पहिल्या सत्रात मार्गदर्शक बाईंनी फळ्यावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषा काढल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी यांनी १९५७ मध्ये माणसांच्या परस्पर वागण्याची जी मांडणी केली, तिचा हा आधार आहे : एका रेषेवर वर्चस्व आणि नमते घेणे, तर दुसरीवर स्नेह आणि वैर. आपण एरवी समजतो की ठामपणा वाढला की माया तेवढी कमी होते, जणू दोन्ही एकाच तराजूच्या पारड्यांत आहेत. फळ्यावरच्या आकृतीत मात्र त्या दोन स्वतंत्र गोष्टी होत्या आणि माणूस एकाच वेळी दोन्हींत वरच्या बाजूस असू शकतो, हे डोळ्यांना दिसले. प्रत्येकाने आपला एखादा प्रसंग त्या आकृतीत कुठे बसतो ते खडूने दाखवायचे होते. माझी खूण नमते घेणे आणि वैर यांच्यामधल्या कोपऱ्यात पडली, तेव्हा मला बराच वेळ काही बोलता आले नाही.

सर्वांत कसदार सत्र भाषेवरचे होते आणि केवळ त्यासाठीसुद्धा ही कार्यशाळा करावी, असे माझे मत आहे. आपण ‘मला जमणार नाही’ असे म्हणतो तेव्हा बहुधा आपल्याला ते करायचे नसते. इच्छेचा प्रश्न आपण सवडीचा किंवा शक्तीचा करून टाकतो. मग समोरचा माणूस प्रेमाने सवड काढून देऊ लागतो आणि आपल्याला दुसरी सबब शोधावी लागते. सराव करताना आमच्यापैकी बहुतेकजण मराठीतून कोकणीत घसरले आणि तिथे ‘पळोवया’ हा शब्द तर सतत ऐकू आला. ‘पळोवया’ म्हणजे ‘बघूया’. पण तो होकार आहे की नकार, हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते. बाईंनी आणखी एक बारीक गोष्ट दाखवली, जी माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. दोष न देता स्वतःची भावना सांगावी म्हणून ‘मला वाटते’ अशी सुरुवात करायला शिकवतात. परंतु मराठीतले ‘वाटणे’ भावनेसाठीही चालते आणि मतासाठीही. ‘मला एकटे वाटते’ ही भावना झाली, तर ‘मला वाटते तुम्ही स्वार्थी आहात’ हा सरळ आरोप झाला, त्याची सुरुवात कितीही मऊ असो.

वर्गात लग्न न झालेले तरुणही होते आणि त्यांच्यासाठी प्रेमाला नकार देण्याचा व तो ऐकून घेण्याचा सराव ठेवला होता. मुलींनी पहिल्या फेरीत ‘सध्या तरी नको’, ‘घरी चालणार नाही’ अशी उत्तरे दिली. दुखवायचे नाही या भल्या हेतूने दिलेले हे उत्तर समोरच्याला वाट पाहायला लावते आणि घरच्यांना समजावण्याच्या कामाला जुंपते, हे त्यांना समजावल्यानंतर दुसऱ्या फेरीत एकीने शांतपणे सांगितले, “तू मला मित्र म्हणून आवडतोस, पण मला तुझ्याशी हे नाते नको आहे.” ऐकणाऱ्या मुलाने कारण न विचारता ‘बरे, सांगितलेस ते चांगले केलेस’ एवढेच म्हणायचे होते. ते वाक्य त्याला तिसऱ्या प्रयत्नात जमले. माझ्या मते हे सत्र महाविद्यालयांतून व्हायला हवे.

उणिवाही सांगायला हव्यात. बावीस जणांमागे एकच मार्गदर्शक असल्याने दुसऱ्या दिवशी कित्येकांना सरावाची पाळीच मिळाली नाही. जोडप्यांचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या संशोधनात, टिकणाऱ्या जोडप्यांमध्ये मतभेद चालू असतानाही एका नकारात्मक क्षणामागे साधारण पाच सकारात्मक क्षण आढळले. ते प्रमाण इथे हिशेबाच्या वहीसारखे शिकवले गेले आणि जोडपी बोटे मोजत एकमेकांची स्तुती करू लागली. मोजून केलेल्या स्तुतीत ओलावा राहत नाही. त्याहून मोठी उणीव ही की सगळे सराव बरोबरीच्या माणसांचे होते. जिला आपण ‘अहो आई’ म्हणतो, तिच्याशी ठाम कसे राहायचे, हा गोमंतकातल्या कितीतरी सुनांचा खरा प्रश्न आहे आणि त्याला दहा मिनिटेही मिळाली नाहीत. अभिप्रायाच्या कागदावर मी हे सविस्तर लिहून दिले आहे.

तो सराव मला चवथीच्या तोंडावर घरीच करावा लागला. आमच्याकडे नातेवाइकांना वाटण्यासाठी दरवर्षी दोनशे नेवऱ्या, म्हणजे करंज्या, होतात आणि त्या मी एकटी तळते. या वेळी सासूबाईंना म्हणाले, “आई, यंदा मी पन्नासच नेवऱ्या करणार आहे, बाकीच्या विकत आणूया. पण त्या पन्नासांना सारण तुमच्याच हातचे हवे, तुमच्यासारखे मला येत नाही.” ‘जमणार नाही’ हा शब्द मी जाणीवपूर्वक टाळला होता आणि शेवटचे वाक्य मनापासूनचे होते. त्या काही बोलल्या नाहीत, दिवसभर जरा गप्पच होत्या. संध्याकाळी मी दिवा लावून स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्या अडाळ्यावर बसून नारळ खवत होत्या.