कॅव्हियार आणि सामनची अंडी

माशाची अंडी म्हणजे आपली गाबोळी. पण प्रत्येक गाबोळीला कॅव्हियार म्हणता येत नाही. काटेकोर अर्थाने ते नाव स्टर्जन माशाच्या खारवलेल्या अंड्यांचेच असून, कास्पियन समुद्रातील बेलुगा स्टर्जनची मादी पंधराहून अधिक वर्षांनी अंड्यावर येत असल्यामुळे त्याची किंमत चढी असते. पॅसिफिक सामनला त्यासाठी बहुधा तीन ते पाच वर्षे पुरतात.

सामनची अंडी, ज्यांना जपानमध्ये ‘इक्रा’ या रशियन शब्दावरून ‘इकुरा’ म्हणतात, टपोरी, नारिंगी आणि आरपार दिसणारी असतात; दाताखाली ती फटकन फुटून खारट रस सोडतात. कॅव्हियारचे करडे-काळे दाणे त्याहून बारीक असतात आणि जिभेने टाळूवर दाबताच लोण्यासारखे पसरतात. धातूची चव उतरू नये म्हणून ते शिंपल्याच्या चमच्याने खातात. गरम भातावर घ्यायची तर मी इकुराच निवडेन.

बेसुमार मासेमारीमुळे १९९८पासून स्टर्जनच्या सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. मात्र कॅव्हियार ओळखताना केवळ काळ्या रंगावर विसंबू नये, कारण स्वस्त बरणीत बहुधा लम्पफिशची रंगवलेली अंडी असतात आणि तो रंग बशीलाही लागतो.