एमपीएलएस व्हीपीएन, काही महिन्यांनंतर: बाकी झकास, पण ते चार बाइट!

एमपीएलएस व्हीपीएन म्हणजे प्रोव्हायडरच्या जाळ्यातून आपल्या शाखा जोडणारी खासगी सेवा. त्यात प्रत्येक पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) छोटं लेबल चढवतात आणि मधले राउटर ते बघून पॅकेट पुढे ढकलतात. आता थेट दुखण्यावर येतो. एमटीयू, म्हणजे लिंकवरून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार!

शाखा जोडल्या, पिंग (पोचतंय का ते बघणारं चाचणीचं पॅकेट) जातोय, लॉगिन होतंय, पण मोठी फाइल टाकली की कॉपी अडकून बसते. प्रोव्हायडरचं पालुपद एकच: "सर, आमच्याकडून पिंग ओके आहे." अहो, 64 बाइटचा पिंग जाणारच! शेवटी फ्रॅगमेंटेशन (मोठ्या पॅकेटचे तुकडे करणं) बंद करून पिंगचा आकार वाढवत नेला. 1464 गेला, 1465 अडला. नेहमीच्या 1500 बाइटच्या एमटीयूमधून हेडरचे (पॅकेटवरच्या पत्त्या-बित्त्याचे) 28 वजा जाता 1472 जायला हवा होता. फरक बरोबर 8. एक लेबल 4 बाइटचं, व्हीपीएनला लेबलं दोन. म्हणजे त्यांच्या कोअरमधली (मधल्या जाळ्यातली) एखादी लिंक 1500 वरच होती, तिथे 1508 हवं. हा हिशेब मेलमध्ये मांडला तेव्हा कुठे गाडी हलली. दरमहा पूर्ण भाडं घेता आणि निदान ग्राहकाने करायचं?

आता वेग. 1990च्या दशकात आयपी पत्त्याचा लाँगेस्ट मॅच (टेबलातली सर्वात जास्त जुळणारी नोंद) शोधणं राउटरला जड जायचं, 20 बिटांचं लेबल टेबलात थेट सापडायचं. आजच्या चिपना दोन्ही सारखंच. त्यामुळे वेगाच्या नावाखाली मोजलेला पैसा सुरुवातीला डोळ्यांत खुपत होता.

खुपणं कमी झालं ते सुटसुटीतपणामुळे. पत्ता कडेच्या राउटरने एकदा बघायचा, पुढे मधल्यांनी फक्त लेबल बदलायचं. आमचे रूट (शाखांकडे जाणारे मार्ग) त्या मधल्या राउटरना माहीतच नसतात. नवी शाखा जोडताना जुन्या एकाही शाखेच्या राउटरला हात लावावा लागला नाही. आधी दर वेळी शाखा-शाखांमधल्या टनेलचं (आभासी जोडण्यांचं) जंजाळ असायचं. (लेबल म्हणजे एनक्रिप्शन नव्हे, बरं का. ते वेगळं करावं लागतं आणि तेही एमटीयू खातं.)

मग त्यांची फायबर तुटली. मी कॉलवर होतो, समोरच्याला पत्ताही लागला नाही. फास्ट रीरूट म्हणजे 50 मिलिसेकंदांच्या आत पर्यायी वाट. मनापासून दाद दिली. आणि बघतो तर फाइल कॉपी पुन्हा ठप्प! पर्यायी वाटेवर पॅकेटवर तिसरं लेबल चढतं, लागतात 1512, आणि या महाभागांनी मोजून 1508 ठेवलेले. आवाजाची पॅकेटं छोटी, म्हणून निसटली. मुख्य मार्ग नव्याने ठरेपर्यंत कॉपी तशीच लटकलेली.

सगळीकडे एमटीयू 9000 करा, असं तक्रारीचं तिकीट टाकलंय. घेणार असाल तर एमटीयूचा आकडा करारातच लिहून घ्या, तोही फेलओव्हर (पर्यायी वाटेवर जाणं) धरून.